माहेरची यादी

आत्या, मागच्या आठवड्यात खालच्या आळीतली देवगावची आमच्या घरी येऊन गेली. तुमच्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच आली. तीन मजले चढून आल्यामुळं तिला दम लागला होता. लिफ्ट आहे हे तिला खाली कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी ती त्यात बसली नसती. धाकट्या लेकीच्या लग्नाची पत्रिका तिनं माझ्या हातात दिली, मला कुंकू लावलं, दोन ग्लास पाणी प्यायली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, एक काम व्हतं. तुमच्याकडं समद्यांचे नंबर असत्यात म्हणं. माझ्या दादाला येक फोन लावा ना. लेकीच्या पाठीशी मामा नको का उभा?" मी म्हटलं, लावते. ती खूश होऊन गेली. त्याला आज सहा दिवस झाले. नंबर माझ्याकडं आहे, शोधायचीही गरज नाही. रोज सकाळी फोन हातात घेते आणि खाली ठेवते. लग्न येत्या रविवारी आहे.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मला पत्र लिहायची सवय नाही. पोटापाण्यासाठी मी पुष्कळ लिहिते, पण ते दुसऱ्यांच्या तोंडी घालायचं असतं. उमेदवारांची भाषणं, पत्रकं, घरोघर जाणाऱ्या पोरांनी काय बोलायचं आणि काय नाही त्याच्या सूचना. एकदा पेपरात माझ्याबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्यात मला 'निवडणूक रणनीतीकार' म्हटलं होतं. तुम्ही असता तर विचारलं असतं, "म्हंजी तू करती काय नेमकं?" आणि मला सांगता आलं नसतं. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. माझं हे सगळं तुमच्या चुलीपाशी सुरू झालं, हे मात्र त्या पेपरवाल्याला मी सांगितलं नव्हतं.

मी तुमची सून होऊन आले तेव्हा आपलं गाव अजून गाव होतं. चितेगावच्या फाट्यावर दोन-चार कारखाने उभे राहिले होते, पण आत रस्ता मातीचाच. पहिल्याच दिवशी तुम्ही मला नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी विसरलात. हाक मारलीत ती "पैठणकरीण, पाणी तापलं का बघ." मला फार राग आला होता. मी बी.कॉम. झालेली, वडील धरणावरच्या पाटबंधारे ऑफिसात नोकरीला, मला चांगलं नाव होतं, आणि इथं माझी ओळख म्हणजे एसटीच्या पाटीवरचं गाव. मग हळूहळू कळलं की गल्लीत कुठल्याच सुनेला नाव नव्हतं. वाळूजची, बिडकीनची, गंगापूरची, देवगावची. पुरुष त्यांना अमक्याची बायको म्हणायचे, तुम्ही अमक्या गावची म्हणायचात. दोन्हीत फरक आहे, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. तुम्ही ज्या नावानं हाक मारायचात त्यात ती बाई कुठून तरी आलेली असायची.

मग ग्रामपंचायतीत आपल्या वॉर्डाची जागा महिला राखीव झाली. आबांनी स्वतःसाठी दोन वर्षं त्या जागेची तयारी केली होती. त्या दिवशी ते ओसरीवर बसून बराच वेळ विडी न पेटवता तशीच हातात धरून होते. शेवटी बायकोलाच उभं करायचं ठरवून म्हणाले, "सही तिची, कारभार माझा. फारम भरा." तुम्ही भाकरी थापत होतात. हात न थांबवता म्हणालात, "मला इचारलं का कुणी?" आबा म्हणाले, "आता इचारतोय की." "मग हा म्हणते. पर सही माझी आसंल तर बोलणं बी माझंच." आबा हसले. मीही हसले. तुम्ही हसला नव्हतात, हे आता आठवतं.

फॉर्म मी भरला. त्यासाठीच घरात शिकलेली सून होती. तुमची शाळा चौथीपर्यंत, सहीला एवढा वेळ लागला की मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "काकू, जिंकल्यावर रोज करावी लागंल, आत्ताच पेन संपवू नका." तुम्ही म्हणालात, "तुझं पेन हाय का? मग गप ऱ्हा." चिन्ह मिळालं कपबशी. आबा कुरकुरले, आता प्रत्येक जण चहा मागणार म्हणून. तुम्हाला मात्र ते आवडलं. म्हणालात, बाईच्या हाती शोभतं.

मतदारयादी घेऊन मी स्वयंपाकघरात बसले तो दिवस मला अगदी लख्ख आठवतो. तव्यावर शेंगदाणे भाजत होते. मी एकेक नाव वाचते आहे आणि तुम्ही मान हलवता आहात. पुरुषांची नावं सगळी कळत होती. बायकांचं नाव आलं की, "ही कोण? मला नाय म्हाईत." मी नवऱ्याचं नाव वाचायची, घर नंबर वाचायची. तरी नाही. पंधरा-वीस बायका अशा गेल्या. मला वाटलं, या बाईला आपल्या वॉर्डातल्या बायकाच माहीत नाहीत, ही निवडून येणार कशी? मग एका नावापाशी मी वैतागून म्हटलं, "अहो आत्या, ती लिंबापलीकडं राहते, तिच्या गायीनं मागच्या महिन्यात..." "आगं, ती वाळूजची व्हय!" तुम्ही उलथणं खाली ठेवलंत. "आसं सांग ना मग! तिचा थोरला भाऊ रिक्षा चालवतो. तिची माय आंधळी झालीय, तिला जाता येईना म्हणून रडत व्हती परवा." आणि मग सुरूच झालात. मी तुमच्या मागं यादी घेऊन लागले. प्रत्येक बाईच्या नावापुढं मी पेन्सिलीनं गाव लिहिलं, त्यापुढं भावाचं काम, आई-बाप आहेत की नाहीत, शेवटचं माहेरी कधी गेली. शेंगदाणे करपले. तुम्ही मला रागावला नाहीत, त्याच शेंगदाण्यांची चटणी केलीत आणि आबांना म्हणालात, खमंग झालीय.

प्रचाराला तुम्ही माझ्याबरोबर निघायचात ते नुसती विचारपूस करायला. दारात गेलं की पहिला प्रश्न, "माहेरी समदं बरं हाय का?" तिथंच पाऊण तास जायचा. मी घड्याळ बघायची. बिडकीनचीच्या घरी तर तुम्ही तिच्या दिवस भरलेल्या भावजयीबद्दल एवढं बोललात की निघताना मीच म्हटलं, "मावशी, कपबशी लक्षात ठेवा." बाहेर आल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "आत्या, तुम्ही मत मागितलंच नाही." तुम्ही थांबलात. "आगं व्हय की." मग म्हणालात, "आता माघारी कसं जावं? जाऊ दे. तिला म्हाईत हाय म्या का आले व्हते." दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं बिडकीन गाठलंत, त्या भावाच्या घरी गेलात, बाळ-बाळंतीण बघितलं आणि संध्याकाळी त्या बाईला येऊन सांगितलंत, "पोरगा झालाय. नाक तुझ्यावानी हाय." त्या बाईचं तोंड मी बघितलं होतं. निवडणुकीत मतं कशी मिळतात ते मला त्या दिवशी कळलं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

तुम्ही निवडून आलात, आणि नुसत्या आला नाहीत तर विरोधातल्या बाईला तिच्या स्वतःच्या गल्लीतही मतं पडली नाहीत. बोलणं तुमचंच राहिलं. पाण्याच्या टाकीच्या बैठकीत तुम्ही आबांना "तुम्ही जरा खाली बसा" म्हणालात, ही गोष्ट लोक अजून सांगतात. त्यानंतर वर्षभरात जिल्हा परिषदेचे एक उमेदवार घरी आले. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "काकू, हे केलं कसं?" तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. "पैठणकरणीनं यादी केली व्हती." तुमच्या आवाजात कौतुक होतं. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र. साहेबांनी मला त्यांच्या गटातल्या गावांची यादी तशीच करायला सांगितली, आणि आबा घरातल्या सुनेनं बाहेर जायचं की नाही याचा विचार करत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या. मी बी गेलेच की."

दोन निवडणुका मी तसंच काम केलं. गावोगाव फिरून बायकांशी बोलायचं, माहेरं लिहून घ्यायची. दुपारी घरी आले की तुम्ही वाढायचात आणि विचारायचात, आज कुणाकुणाची माहेरं कळली. मी सांगायची. तुम्ही त्यात भर घालायचात, कारण एसटीत, बाजारात, लग्नात तुम्हाला सगळीकडचं कळलेलं असायचं. मी वही उघडी ठेवून जेवायची. तुम्हाला त्या वहीचा अभिमान होता. मला आता वाटतं, तुम्हाला वाटायचं की मी ती तुमच्यासारखीच वापरते आहे.

देवगावचीची गोष्ट तुम्ही मला अशाच एका दुपारी सांगितली. मला ती फक्त हसतमुख बाई म्हणून माहीत होती. खालच्या आळीतल्या चाळीसएक घरांत तिचा शब्द चालायचा. पंचमीची गाणी तिनं उचलल्याशिवाय कुणी म्हणायचं नाही. तुम्ही सांगितलंत की नऊ वर्षं तिला माहेर नव्हतं. वडील गेल्यावर भावानं जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही मागितली, आणि ही म्हणाली, विहिरीजवळचा एक तुकडा माझ्या नावावर राहू द्या, बाकी समदं घ्या. तेवढ्यावरून भाऊ बोलायचा बंद झाला. पंचमीला न्यायला मुऱ्हाळी नाही, दिवाळीला बोलावणं नाही. भावाला ती दादा म्हणायची. तुम्ही म्हणालात, "भाऊबीजेला दार लावून बसती गं ती. कुणाला दिसू नये म्हणून." मी ते ऐकलं. जेवण झालं. आणि हात धुऊन मी वहीत लिहिलं.

पुढची निवडणूक आमदारकीची होती. तेच साहेब उभे होते. खालची आळी आपल्याकडं नाही असा अंदाज होता, कारण देवगावची दुसऱ्या उमेदवाराच्या बायकोला मानायची. बैठकीत सगळे पुरुष म्हणत होते, तिच्या नवऱ्याला धरा. मी म्हटलं, नवऱ्याचं ती ऐकत नाही, भावाचं ऐकेल. मी ते किती सहज बोलले. मग मी चौकशी केली. भाऊ ज्या दूध सोसायटीत होता ती साहेबांच्या माणसांच्या हातात होती. मी स्वतः त्याच्याशी बोलले. तो आढेवेढे घेत होता, म्हणाला, नऊ वर्षं झाली, तोंड कसं दाखवू. मी म्हटलं, तुम्ही फक्त या, बाकी मी बघते. गाडी मी पाठवली. साडी मी गुलमंडीच्या बाजारातून आणली, जांभळ्या काठाची. काय बोलायचं तेही सांगितलं, जमिनीचा विषय काढू नका, आधी बसा, जेवा, निघताना साहेबांचं नाव घ्या.

तो आला त्या दिवशी खालच्या आळीत दिवाळी आठ दिवस आधी आली म्हणा. देवगावचीनं पुरण घातलं. तिची ती धाकटी लेक, जिचं आता लग्न आहे, सात-आठ वर्षांची होती, ती मामाच्या मांडीवरून उठेना. तुम्हालाही तिनं बोलावून नेलं होतं. तुम्ही घरी येऊन डोळे पुसत मला म्हणालात, "पैठणकरीण, देवाला काळजी गं. भाऊ स्वतःहून आला." मला वाटलं, मतदान होऊ दे, मग सांगू. देवगावची ती साडी नेसून मतदानाला आली, आख्खी आळी तिच्या मागं. साहेब निवडून आले. मला शहरात ऑफिस मिळालं.

भाऊबीजेला तो येणार होता. निघताना तसं सांगून गेला होता. ती सकाळपासून ताट करून बसली. त्या वर्षी दार उघडं ठेवलं होतं तिनं. संध्याकाळी ती तुमच्याकडं आली आणि स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसून म्हणाली, "आत्या, दादाला काई झालं तर नसंल ना? गाडीबिडी?" तुम्ही तिची समजूत काढलीत, एसटीला गर्दी असते, उद्या येईल. ती गेली. तुम्ही परातीत पीठ काढलंत. मग माझ्याकडं न बघता विचारलंत, "तू बोलावलं व्हतं का त्याला?"

मी हो म्हटलं.

"साडी?"

"मीच."

"मतासाठी."

तुम्ही पीठ मळायला घेतलंत. मळता मळता म्हणालात, "म्या तुला पोरींची माहेरं सांगितली ती हितं बसून सांगितली. माझ्या चुलीपाशी. तिथं बाजारात न्यायला नव्हती सांगितली." मी म्हटलं, "आत्या, निदान एक दिवस तरी तिचा भाऊ आला ना. तिला आनंद झालाच की." आज हे लिहितानाही लाज वाटते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं. "तिला जाऊन सांग," तुम्ही म्हणालात. "तूच सांग. नायतर ती जलमभर वाट बघंल."

मी सांगितलं नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिले. तुम्ही परत विचारलं नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला पैठणकरीण म्हणायचं सोडून दिलंत. सूनबाई म्हणायला लागलात. "सूनबाई, चहा झालाय." "सूनबाई, येते का जेवायला." घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही, आबांना वाटलं, सासू सुनेला मान द्यायला लागली. दुपारी वाढायचात, पण आज कुठं गेलीस, कुणाची माहेरं कळली, हे विचारायचं थांबलं. मी वही ऑफिसात नेऊन ठेवली. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्रंदिवस मीच होते तुमच्याजवळ. तेव्हाही "सूनबाई, पाणी." मी वाट बघत होते, एकदा तरी चुकून तोंडातून निघेल म्हणून. शुद्ध हरपल्यावर तुम्ही आपल्या आईला हाक मारलीत, भावांना हाका मारल्यात, गल्लीतल्या कितीतरी बायकांना गावाच्या नावानं बोलावलंत. मी खुर्चीत बसून सगळी गावं ऐकली. पैठण त्यात नव्हतं.

तुमच्या दहाव्याला देवगावची आली होती. सगळ्या बायका तुमच्या आठवणी सांगत होत्या. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या मला नेहमी म्हणायच्या, दादाची वाट बघू नगं, तुझं तू जेव. का म्हणायच्या कोण जाणे." म्हणजे तुम्ही तुमच्या परीनं प्रयत्न केलात. माझं नाव न घेता.

आता माझ्या ऑफिसात सहा पोरं-पोरी काम करतात. पुण्याहून शिकून आलेली आहेत, माझ्यापेक्षा हुशार. वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर गेलं. मागच्या निवडणुकीला एका नव्या पोरीनं विचारलं, "मॅडम, हा 'माहेर' कॉलम कशासाठी आहे? बाकी कुठल्याच कंपनीकडं हा नसतो." बाकीची पोरं हसून म्हणाली, तीच तर आपली खासियत. मी तिला समजावून सांगितलं. चांगलं समजावलं. ती म्हणाली, "वाव." घरी येऊन मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कॉलम काढूनही टाकला नाही. खोटं कशाला सांगू. त्यावर सहा घरं चालतात, सातवं माझं.

इथवर लिहून मी उठले आणि फोन लावला. लगेच उचलला त्यानं.

मी गाव सांगितलं, मागच्या कामाची ओळख दिली. तो म्हणाला, "व्हय व्हय, मॅडम. आवाज वळखला." थोडा थांबला आणि विचारलं, "आता कोण उभं ऱ्हायलंय?"

आत्या, मी म्हटलं, "कुणी नाही. तुमच्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे."

"हां. पत्रिका आली पोस्टानं."

"मुलीच्या पाठीशी मामा म्हणून तुम्ही उभं राहावं असं तिला वाटतं."

पलीकडं मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. "गव्हाला पाणी चालू हाय. लाईटचा काय भरोसा नाय. आन् येवढ्या वर्षांनी..." मग म्हणाला, "त्या वक्ताला तुमची गाडी आलती." मी त्याला लग्नाची वेळ सांगितली. "बघतो," म्हणाला, आणि ठेवला.

मग देवगावचीला फोन केला. ठरवलं होतं की जेवढं झालं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. म्हटलं, "बघतो म्हणाले."

तिनं आधी ते ऐकलंच नाही. "आवाज कसा हाय त्याचा?" तिनं विचारलं. "म्हातारा झाल्यावानी वाटतो का?"

"थोडा."

"खोकला हाय का? वडिलांना व्हता."

"खोकला नव्हता."

"बरं हाय मग." मग म्हणाली, "येईल तो. निवडणुकीच्या टायमाला नव्हता का आला, बोलावल्याबिगर? त्याच्या मनात हाय ताई, पर माणसाला तोंड दाखवायला येक निमित्त लागतं. आता लेकीचं लगीनच निमित्त हाय."

तिथं मी सांगायला पाहिजे होतं. एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नाही हेही मला त्याच वेळी कळत होतं. मी उभी होते, खिडकीतून खाली पार्किंग दिसत होतं, आणि तोंड उघडलं ते एवढंच बोलायला की, "लग्नाची तयारी झाली का सगळी?" ती हॉलचं, भांड्यांचं, जावयाच्या घरच्यांचं सांगत राहिली. मी हो हो म्हणत राहिले.

त्यानंतर तास-दीड तास मी घरात नुसती इकडून तिकडं फिरले. तुमच्यासारखी एसटीनं देवगावला जावं आणि त्याच्यासमोर बसून बोलावं, असंही मनात आलं. कदाचित तो ऐकेल. कदाचित नाही ऐकणार, आणि मग रविवारी ती लेक बोहल्यावर उभी राहील आणि मागं चुलत्याला उभं करावं लागेल. मला कुठलीच निवडणूक जिंकायची नाही, कुणाचं मत नको आहे, तरीही मला नुसतं 'बघतो'वर थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं मी माणसं योग्य जागी वेळेवर आणून उभी करायचंच काम केलं आहे. मला दुसरं काही येत नाही.

गाडीवाल्याला मी फोन केला आहे. रविवारी पहाटेच देवगावला जाऊन दारात उभा राहा, मामांना घेऊन ये, गाडी कुणी पाठवली विचारलं तर नवरीच्या आईनं असं सांग. यावेळी साडी नाही घेतली. तेवढी त्याची त्यानं आणावी, नाही आणली तर नाही.

तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं.